वंशदंगली: भडका की बेत?

निशिगंध_रॅली

वंशदंगलींची एक ठरीव गोष्ट आपल्याला माहीत असते. उन्हाळा कडक होता, हाताला काम नव्हतं, कुणीतरी आवई उठवली, जमाव बिथरला आणि शहर पेटलं. मग लष्कर आलं, शांतता झाली, चौकशी बसली. मला ही गोष्ट हल्ली पटत नाही. आमच्या राज्यातलं विल्मिंग्टन प्रकरण वाचल्यापासून तर अजिबातच नाही.

1898 साली विल्मिंग्टन हे नॉर्थ कॅरोलिनातलं सगळ्यात मोठं शहर. बंदर, कापसाचा व्यापार, आणि निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची. नगरपालिकेत त्यांचे सभासद होते, पोलिसांत शिपाई होते, बंदरावर जकात वसूल करणारा मुख्य अधिकारीही त्यांच्यातलाच. राज्यात रिपब्लिकन आणि पॉप्युलिस्टांची युती सत्तेवर होती. गरीब गोरा शेतकरी आणि काळा मतदार एका बाजूला आले की काय होतं हे डेमोक्रॅट पुढाऱ्यांनी 1894 आणि 1896 अशा दोन निवडणुकांत पाहिलं होतं. (तेव्हाचे डेमोक्रॅट हा गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पक्ष होता. आजचा नकाशा क्षणभर बाजूला ठेवा.)

1898 च्या निवडणुकीला त्यांनी महिनोन् महिने तयारी केली. इथल्या, म्हणजे रॅलीच्या, 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर'चा संपादक जोसेफस डॅनियल्सने खास व्यंगचित्रकार कामाला लावला, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही मुद्दा कळावा. गोऱ्या बायका धोक्यात आहेत, हा एकच सूर. लाल शर्ट घातलेले घोडेस्वार काळ्यांच्या वस्त्यांतून फिरू लागले. विल्मिंग्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून मशीनगन विकत घेतली. 8 नोव्हेंबरला मतदान झालं. 9 तारखेला 'गोऱ्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा' जाहीर सभेत वाचला गेला. 10 तारखेला सकाळी आल्फ्रेड वॉडेल नावाच्या माजी खासदारामागे जमाव निघाला, अलेक्झांडर मॅनलीच्या 'डेली रेकॉर्ड' या कृष्णवर्णीय वर्तमानपत्राचं कार्यालय जाळलं आणि मग रस्त्यात माणसं मारायला सुरुवात झाली. मेले किती? कुणी 14 म्हणतं, कुणी 60, कुणी शेकडो. पण संध्याकाळी काय झालं याबद्दल वाद नाही. नगरपालिकेची निवडणूक त्या वेळी नव्हतीच, म्हणून महापौर आणि सभासदांचे राजीनामे बंदुकीच्या धाकावर घेतले आणि वॉडेल स्वतः महापौर झाला.

दोन वर्षांत राज्यघटनेत दुरुस्ती झाली. मत द्यायचं तर वाचता आलं पाहिजे. मात्र 1867 पूर्वी तुमच्या बापाला किंवा आजोबाला मताधिकार असेल तर वाचता नाही आलं तरी चालेल. 1896 मध्ये राज्यात सव्वा लाखाच्या आसपास कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. 1902 मध्ये उरले सहा हजारांच्या आसपास. डॅनियल्स पुढे विल्सनच्या मंत्रिमंडळात नौदलमंत्री झाला.

माझं म्हणणं एवढंच, की दंगल कशी पेटली यापेक्षा ती विझल्यावर खुर्चीत कोण बसलं ते आधी बघावं. तुम्ही ज्या गावात राहता तिथला अनुभव काय सांगतो? आणि आजच्या राजकारणात हे कुठे दिसतं?

घाटमाथा

रुमाल टाकून ठेवतो. रात्री लिहितो.

चकलीवाली

वर्गणी काढून मशीनगन!! आमच्या मंडळात गणपतीच्या वर्गणीसाठी तीन-तीन स्मरणपत्रं पाठवावी लागतात.

शिकागोकर_अण्णा

लेख आवडला. आमच्या गावची भर घालतो.

27 जुलै 1919, रविवार, उकाडा. मिशिगन सरोवरात 29व्या रस्त्याच्या किनाऱ्यापाशी पाण्यात न दिसणारी एक रेघ होती. इकडे गोऱ्यांनी पोहायचं, तिकडे काळ्यांनी. युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा मुलगा ओंडक्यांच्या तराफ्यावरून तरंगत पलीकडे गेला. किनाऱ्यावरून एक गोरा माणूस दगड मारत होता. मुलगा बुडाला. लोकांनी माणूस दाखवून दिला, पोलिसाने पकडायला नकार दिला. पुढचा आठवडाभर शहरात 38 माणसं मेली, 23 काळी, 15 गोरी.

आता निशिगंध म्हणतात तो 'बेत' इथे कुठे? तर गोऱ्यांच्या बाजूने मारामारीत पुढे होते ते दक्षिण भागातले 'अॅथलेटिक क्लब'. नाव खेळाचं, आश्रय वॉर्डातल्या पुढाऱ्यांचा, काम निवडणुकीत दमदाटीचं. (ओळखीचं वाटतंय का कुणाला? असो.) त्यातल्या हॅम्बर्ग क्लबात एक सतरा वर्षांचा पोरगा सभासद होता, रिचर्ड डेली. पुढे तो क्लबचा अध्यक्ष झाला आणि 1955 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1976 पर्यंत, शिकागोचा महापौर. 1919 च्या त्या आठवड्यात आपण कुठे होतो हे त्याने कधीही स्पष्ट सांगितलं नाही. मात्र 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर शहर पेटलं तेव्हा जाळपोळ करणाऱ्यांना ठार करा आणि लुटणाऱ्यांना जायबंदी करा, असा हुकूम आपण पोलिसांना दिल्याचं त्याने पत्रकारांना सांगितलं.

तात्या_बिनधास्त

झालं, प्रत्येक ठिकाणी कट शोधायची खाज. अहो, ओक्लाहोमातल्या टल्साला काय कट होता? 1921. एक बूटपॉलिशवाला पोरगा, डिक रोलंड. लिफ्ट चालवणारी गोरी पोरगी, सारा पेज. लिफ्टमध्ये काहीतरी झालं, ती ओरडली. बहुतेक त्याचा पाय अडखळला असेल. पेपरने तिखटमीठ लावून छापलं, संध्याकाळी कोर्टाबाहेर गर्दी. पोराला वाचवायला काळे लोक बंदुका घेऊन आले, कुणाची तरी गोळी सुटली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कृष्णवर्णीयांच्या ग्रीनवूड वस्तीचे 35 ब्लॉक खाक. हे कुणी ठरवून केलं? कुणी महापौर झालं? कुण्णी नाही. माणसाच्या जातीतच जमाव झाला की अक्कल गहाण पडते. एवढं साधं आहे.

विमावाला

तात्या, रात्रीचं तुमचं बरोबर असेल. सकाळनंतरचं बघा.

मी विमा क्षेत्रात आहे म्हणून मला हा भाग जास्त ठाऊक. ग्रीनवूडच्या लोकांकडे पॉलिसी होत्या. हॉटेलवाले, डॉक्टर, थिएटरवाले, रीतसर हप्ते भरणारी माणसं. दावे दाखल झाले आणि फेटाळले गेले, कारण दंगलीत झालेलं नुकसान भरून मिळणार नाही असं कलम पॉलिसीत होतं. नगरपालिकेवर दावे केले, तेही बुडाले. सुमारे दहा हजार माणसं बेघर. आणि राख गरम असतानाच नगरपालिकेने नवा अग्निसुरक्षा नियम काढला: या भागात बांधकाम करायचं तर महागडं, आग न लागणारं साहित्य वापरा. ज्याच्याकडे डोक्यावर तंबू आहे तो विटा आणि सिमेंट कुठून आणणार? शहरातल्या काही मंडळींचा डोळा त्या जमिनीवर होता, तिथे रेल्वे स्थानक आणि गोदामं हवी होती. बी. सी. फ्रँकलिन नावाच्या कृष्णवर्णीय वकिलाने तंबूत कचेरी थाटून हा नियम कोर्टात पाडला. तंबूत बसलेला त्यांचा एक फोटो आहे, टेबल, कायद्याची पुस्तकं, समोर टंकलेखिका. शोधून बघा.

म्हणजे पेटवणारे बेत करून आले नसतील, पण विझायच्या आत बेत करणारे हजर होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मृण्मयी_

+१ विमावाला. फोटो बघितला. टंकलेखिकेचा चेहरा किती शांत आहे.

घाटमाथा

आलो. निशिगंध आणि तात्या दोघांशीही थोडा भांडणार आहे.

विल्मिंग्टन, शिकागो, टल्सा, या सगळ्यांत जमाव बलवानांचा होता. पोलीस त्यांचे, पेपर त्यांचे, ज्यूरी त्यांची. 1960 नंतरच्या दंगली उलट्या आहेत. लॉस एंजेलिसमधलं वॉट्स 1965, 34 मेले. नेवार्क आणि डेट्रॉइट 1967, डेट्रॉइटमध्ये 43. इथे रस्त्यावर उतरलेले लोक सत्तेबाहेरचे. डेट्रॉइट पेटलं ते विनापरवाना दारूच्या अड्ड्यावर पहाटे पडलेल्या धाडीवरून. व्हिएतनामहून परतलेल्या पोरांची पार्टी चालू होती. यात खुर्चीत कोण बसणार?

अध्यक्ष जॉन्सनने या दंगलींची कारणं शोधायला कर्नर आयोग नेमला. फेब्रुवारी 1968 मध्ये अहवाल आला: देश दोन समाजांत फाटत चाललाय, एक काळा, एक गोरा, वेगळे आणि विषम. अहवालाच्या प्रती वडापावसारख्या खपल्या. जॉन्सनने तो बासनात बांधला.

आणि खुर्ची? तीही गेलीच. एप्रिल 1968 मध्ये बॉल्टिमोर पेटलं. मेरीलँडचा गव्हर्नर स्पायरो अॅग्न्यू, तोवर बऱ्यापैकी मवाळ समजला जाणारा माणूस. त्याने कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना बोलावून घेतलं, म्हणजे ज्यांनी रस्त्यावर फिरून लोकांना शांत केलं होतं त्यांनाच, आणि टीव्ही कॅमेऱ्यांसमोर तुम्ही भेकड आहात अशा थाटात झापलं. बरेच जण उठून निघून गेले. निक्सनच्या गोटात हे बघितलं गेलं आणि काही महिन्यांत अॅग्न्यू उपाध्यक्षपदाचा उमेदवार! मुद्दा 'कायदा आणि सुव्यवस्था'. निवडून आले.

ओमर वासो नावाच्या राज्यशास्त्रज्ञाने 2020 मध्ये यावर अभ्यास छापला. त्या दशकातली अहिंसक आंदोलनं जिथे झाली तिथे आसपासच्या गोऱ्या मतदारांत डेमोक्रॅटांचा टक्का वाढला, हिंसक झाली तिथे घटला. 2020 मध्ये मिनियापोलिस पेटल्यावर ट्रम्पने 'लूट सुरू झाली की गोळीबार सुरू' अशा अर्थाचं ट्वीट केलं. ते वाक्य 1967 च्या शेवटी मायामीचा पोलीसप्रमुख वॉल्टर हेडली बोलला होता. पण बघा, या वेळी ट्रम्प हरला. म्हणजे सूत्र दर वेळी चालत नाही.

तात्या_बिनधास्त

@घाटमाथा, म्हणजे माझंच म्हणणं खरं. दंगल करणाऱ्याला घंटा काही मिळत नाही.

घाटमाथा

तात्या, तुमचं म्हणणं खरं ठरवायला मी एवढं टंकलं नव्हतं हो.

सुरभी_उत्तर_इंग्लंड

मी मिडल्सब्रोच्या जवळ राहते, इथल्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर आहे. 2024 चा ऑगस्ट सांगते.

29 जुलैला साउथपोर्टला लहान मुलींच्या नाचाच्या वर्गात चाकूहल्ला झाला, तीन मुली गेल्या. काही तासांत नेटवर एक बनावट मुस्लिम नाव फिरायला लागलं: हा होडीतून आलेला निर्वासित आहे म्हणे. मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला निघाला, आईबाप रवांडाचे. पण तोवर 30 तारखेला साउथपोर्टच्या मशिदीवर विटा पडल्या होत्या. 4 ऑगस्टला आमच्याकडे. जमावाने चौकात गाड्या अडवून चालकांना विचारलं, तू गोरा आहेस का, इंग्लिश आहेस का? त्याचा व्हिडिओ जगभर गेला. त्याच दिवशी रॉदरहॅमजवळ निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलला आत माणसं असताना आग लावायचा प्रयत्न झाला.

त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअॅप गटात पाककृती आणि गुड मॉर्निंग बंद झालं होतं. कुठला रस्ता टाळायचा, कुणाची रात्रपाळी आहे, कोण कुणाला घरी सोडेल एवढंच. माझ्याबरोबरची एक केरळची नर्स गणवेशावर जाकीट चढवायची, मग बाहेर पडताना पुन्हा काढून हातात घ्यायची. म्हणाली, गणवेश दिसलेला बरा. 7 तारखेला अनेक शहरांत दवाखाने लवकर बंद झाले, कारण याद्या फिरत होत्या. आणि त्या संध्याकाळी हल्लेखोर फारसे आलेच नाहीत. वॉल्थमस्टोला, ब्रायटनला, लिव्हरपूलला हजारो लोक उलट बाजूने रस्त्यावर उभे राहिले.

निशिगंध, तुमच्या प्रश्नाला उत्तर: इथे खुर्चीत कुणी बसलं नाही. शेकडो लोक आठवड्याभरात कोर्टापुढे उभे राहिले आणि तुरुंगात गेले.

चकलीवाली

सुरभी, काळजी घे गं. एवढं सगळं होऊन तू कामावर जात होतीस?

सुरभी_उत्तर_इंग्लंड

रुग्ण येतातच ना. त्या आठवड्यात एका आजोबांनी माझ्याकडून तपासून घेतल्यावर विचारलं, तुला घरी जायला कुणी आहे का सोबत. मूळ गोरे, यॉर्कशरचे. मग स्वतःची काठी दाखवून म्हणाले, मी येतो.

थेम्सकाठचा_म्हातारा

सुरभीताई, 'इथे खुर्चीत कुणी बसलं नाही, लोक तुरुंगात गेले' या तुमच्या म्हणण्यावर मी अडलो. जरा मागचं सांगतो.

मी इथे आलो तेव्हा हुजूर पक्षाच्या इनॉक पॉवेलच्या स्थलांतरितांविरोधी भाषणाला जेमतेम दोनेक वर्षं झाली होती. पण गोष्ट त्याच्याही आधीची. ऑगस्ट 1958 च्या शेवटी लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या पोरांच्या टोळ्यांनी वेस्ट इंडियन लोकांना घराघरांत गाठून मारलं. कोर्टाने नऊ पोरांना प्रत्येकी चार वर्षं ठोकली. त्या काळी ही जबर शिक्षा होती, सगळ्यांनी वाहवा केली. पुढच्या वर्षी ओस्वाल्ड मोस्ले, जुना फॅसिस्ट, त्याच भागातून निवडणुकीला उभा राहिला. त्याला वाटलं पेटलेलंच आहे, भाकरी भाजून घेऊ. अनामत जप्त झाली. म्हणजे जमाव तुरुंगात, पुढारी घरी. ब्रिटिश न्यायाचा विजय, नाही का?

आता 1962 बघा. राष्ट्रकुलातल्या लोकांच्या प्रवेशावर पहिल्यांदा बंधन घालणारा कायदा झाला. तो करणारे मोस्लेचे लोक नव्हते, सभ्य हुजूर पक्ष होता. 1968 मध्ये मजूर पक्षाने केनियातल्या आशियाई लोकांसाठी दार आणखी ओढून घेतलं, तेही काही दिवसांत घाईघाईने. त्यानंतर सातच आठवड्यांनी, 20 एप्रिलला, पॉवेल बर्मिंगहॅमला बोलला. पक्षनेता हीथने त्याला दुसऱ्या दिवशी पदावरून काढलं, आणि गोदी कामगार त्याच्या समर्थनार्थ संसदेवर चालून गेले. हा पॉवेल युद्धकाळात हिंदुस्थानात होता आणि त्याला म्हणे व्हाइसरॉय व्हायचं होतं. आम्ही त्याच्याकडे येऊ नये, त्याने आमच्याकडे यावं, असा एकंदर करार.

सांगायचा मुद्दा, खुर्चीत माणूस बसायची गरज नसते. नॉटिंग हिलच्या पोरांना जे हवं होतं ते चार वर्षांत कायद्याच्या पुस्तकात आलं होतं.

निशिगंध_रॅली

आजोबा, हे मला सुचलं नव्हतं. माणूस नाही, मागणी बसते.

तात्या_बिनधास्त

ओढूनताणून आहे. 1958 च्या आधीपासून दोन्ही पक्षांत बंधनाची चर्चा चालू होती. दंगल नसती तरी कायदा झालाच असता. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी, असं नसतं.

आणि आताचं घ्या. कुणीतरी म्हणणारच की 2024 ची दंगल झाली म्हणून 2025 मध्ये सरकारने निर्वासितांची हॉटेलं बंद करू म्हटलं. ते मजूर पक्षाच्या 2024 च्या जाहीरनाम्यातच होतं, दंगलीच्या आधी. तपासा.

थेम्सकाठचा_म्हातारा

तात्या, जाहीरनाम्याचं तुमचं बरोबर आहे. 1958 पूर्वीची चर्चाही खरी. पण मंत्रिमंडळात वर्षानुवर्षं लोळत पडलेला विषय अचानक तातडीचा का होतो, एवढं सांगा. मे 2025 च्या स्थानिक निवडणुकांत स्थलांतरविरोधी रिफॉर्म पक्षाने दहा कौन्सिलं घेतली. दंगलीमुळे घेतली असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर बाकीच्या पक्षांची भाषा कुठल्या दिशेला गेली ते आम्ही इथे रोज ऐकतो.

पोटोबा_सिअॅटल

जमावाची मागणी कायद्यात येणं या मुद्द्यावर आमच्या बाजूचं उदाहरण, आणि हे थेट आपल्या लोकांचं आहे.

4 सप्टेंबर 1907. बेलिंगहॅम, सिअॅटलच्या उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीपाशी. लाकडाच्या गिरण्यांत पंजाबी मजूर होते, बहुतेक शीख. पेपरांत सगळ्यांना 'हिंदू' म्हणत. रात्री काहीशे गोऱ्या कामगारांनी त्यांच्या खोल्या फोडल्या, सामान रस्त्यावर टाकलं, माणसांना हाकलत नेलं. बऱ्याच जणांना 'संरक्षणासाठी' नगरपालिकेच्या तळघरात कोंडलं, आणि हे पोलिसांच्या संमतीने. काही दिवसांत गावात एक हिंदी माणूस उरला नाही. शिक्षा कुणालाही नाही. तीन दिवसांनी व्हँकुव्हरमध्ये चिनी आणि जपानी वस्त्या फोडल्या.

आणि कायदे? 1908 मध्ये कॅनडाने नियम केला की मायदेशातून एका दमात, मध्ये न थांबता आलात तरच प्रवेश. हिंदुस्थानातून तशी बोट मिळणं जवळपास अशक्य. हिंदी प्रवाशांची कोमागाता मारू बोट 1914 मध्ये त्याच नियमावर परत पाठवली. 1917 मध्ये अमेरिकेने जवळजवळ सगळ्या आशियाला दार बंद केलं, 1923 मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सुप्रीम कोर्टाने हिंदी माणसाला नागरिकत्वाचा हक्क नाकारला. आपण आज एच-वन-बीच्या रांगेत उभे राहून कुरकुरतो तेव्हा ही रांग कुठून सुरू झाली ते आठवायला हरकत नाही.

बे_एरिया_बंड्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा मस्त चाललाय, नजर लागू नये.

किनारा_डर्बन

नजर लावायला आलो, बंड्या. आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टींत आपले लोक एकतर मार खाणारे किंवा बघे. आमच्याकडे हिशेब इतका सरळ नाही.

13 जानेवारी 1949, दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन. भारतीय बाजारात एका भारतीय दुकानदाराची आणि चौदा वर्षांच्या आफ्रिकी मुलाची बाचाबाची, मुलाचं डोकं काचेवर आपटलं. मुलगा मेला अशी अफवा. दोन दिवसांत 142 मृत. त्यात भारतीय 50 आणि आफ्रिकी 87. आफ्रिकींतले बरेच पोलीस आणि सैन्याच्या गोळीबारात. केटो मॅनरमध्ये भारतीयांची घरं माणसांसकट जाळली. गोरे लोक कडेला उभे राहून प्रोत्साहन देत होते असं लिहून ठेवलेलं आहे. वर्णभेदवादी नॅशनल पार्टी आदल्या मे महिन्यात सत्तेवर आली होती. 1950 मध्ये त्यांनी ग्रुप एरियाज कायदा आणला. वंश एकत्र राहिले की भांडतात, म्हणून वेगळे ठेवा, या युक्तिवादाला डर्बनइतकं सोयीचं उदाहरण कुठलं? भारतीयांना हलवून चॅट्सवर्थ आणि फिनिक्ससारख्या वस्त्या उभ्या केल्या, आफ्रिकींना क्वामाशूत, मध्ये मोकळी पट्टी.

आता जुलै 2021. माजी राष्ट्राध्यक्ष झुमांना तुरुंगात टाकल्यावर प्रांत पेटला, साडेतीनशेवर माणसं गेली. पोलीस गायब. फिनिक्सच्या भारतीय वस्तीने रस्त्यांवर नाके उभारले, बंदुका घेऊन पहारे दिले. दुकानं वाचवायला म्हणून सुरू झालं. पण त्या भागात 36 माणसं मेली, त्यातली बहुतेक कृष्णवर्णीय. काही जण नुसते घरी चालले होते. माझ्या इमारतीतला रखवालदार क्वामाशूचा. त्या आठवड्यानंतर तो कामावर यायला लांबची टॅक्सी पकडू लागला, फिनिक्स टाळून. जास्तीचं भाडं मी देऊ केलं तर घेतलं नाही.

दोन्ही बाजूंचे व्हॉट्सअॅप संदेश मी बघितलेत. एका बाजूला '1949 पुन्हा होणार, तयार राहा', दुसऱ्या बाजूला 'भारतीयांना भारतात पाठवा'. 1949 चं नाव घेणाऱ्यांतल्या कुणाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता.

झुमांच्या नव्या पक्षाला 2024 मध्ये आमच्या प्रांतात 45 टक्के मतं पडली. ती काही फिनिक्समुळे नाही. पण प्रचारात फिनिक्स होतं.

घाटमाथा

किनारा, हे वेगळ्या लेखात सविस्तर लिहा. '1949 पुन्हा होणार' हेच बंदुकीचं कारण झालं, हे भयंकर आहे.

एलएची_मावशी

दुकानदाराचा विषय निघालाच आहे तर आमचं लॉस एंजेलिस, 1992. मार्च 1991 मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी बडवलं, आणि तेरा दिवसांनी पंधरा वर्षांच्या लताशा हार्लिन्स या कृष्णवर्णीय मुलीला एका कोरियन दुकानदारीणबाईने संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून मागून गोळी घातली. बाटली पावणेदोन डॉलरची, पैसे मुलीच्या हातात होते. शिक्षा? तुरुंग नाही, 500 डॉलर दंड. 29 एप्रिल 1992 ला किंगच्या खटल्यात पोलीस सुटले तेव्हा कोरियन लोकांची दोन हजारांहून जास्त दुकानं लुटली गेली किंवा जळली. पोलीस श्रीमंत भागांकडे, कोरियाटाउन वाऱ्यावर. छपरांवर बंदुका घेऊन उभे असलेले कोरियन सगळ्यांनी पाहिलेत.

ते फोटो आजही निवडणूक आली की नेटवर फिरतात, बंदूक बाळगायच्या हक्काच्या जाहिरातीसारखे. लताशाचं नाव त्या फोटोखाली कधीच नसतं. आणि 1993 मध्ये महापौर कोण झालं? रिचर्ड रिओर्डन, रिपब्लिकन, लक्षाधीश, 'शहर सुधारायला लागणारा खंबीरपणा माझ्याकडे आहे' म्हणत. घ्या निशिगंध, तुमची खुर्ची.

काडीपेटी

सगळं परदेशातलं. लेस्टरच्या 2022 च्या हिंदू-मुस्लिम दंगलीवर कुणी का बोलत नाही? कुणी सुरुवात केली ते

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादाचा उर्वरित भाग आणि त्यावरचे उपप्रतिसाद उडवले आहेत. लेस्टरवर स्वतंत्र धागा आहे, तो कुलूपबंद आहे आणि का, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

चकलीवाली

काडीपेटी हे नाव घेतल्यावर आईबाप काय अपेक्षा ठेवणार.

बीडीडीचा_नातू

परदेशातलंच का, यावर एक खरा धागा जुळतो म्हणून लिहितो. वॉट्सनंतर वर्षभराने, 1966 मध्ये, ओकलंडला ब्लॅक पँथर निघाले. त्यांच्यावरून 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर. जानेवारी 1974 मध्ये मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती, पँथरांनी बहिष्कार पुकारला. वरळीला सभेवर दगडफेक, मग बीडीडी चाळींत कित्येक दिवस दंगल, पोलीस खोल्यांत घुसून मारत होते. 10 जानेवारीच्या मोर्चावर परळला वरून पाटा पडला आणि भागवत जाधव गेले. निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे निवडून आल्या.

हा वंशाचा नाही, जातीचा मामला आहे, मान्य. पण खुर्चीचा नियम इथे उलटा लागतो: ज्यांच्यावर दंगल लादली त्यांच्या बहिष्काराने निकाल फिरला. आणि तरी चाळीत मार खाल्ला तो त्यांनीच. माझे आजोबा पाट्याबद्दल बोलायचे, निकालाबद्दल नाही.

मृण्मयी_

हे कधी ऐकलंच नव्हतं. मुंबईत जन्म गेला माझा.

ओहायोचा_ओंकार

एक शंका. सप्टेंबर 2024 च्या वादचर्चेत ट्रम्प बोलला ते कुत्री-मांजरी खाण्याचं स्प्रिंगफिल्ड, आणि 1908 च्या दंगलीचं स्प्रिंगफिल्ड, हे एकच ना?

शिकागोकर_अण्णा

नाही ओंकार. 1908 चं इलिनॉयमधलं, लिंकनचं गाव. तिथे दोन कृष्णवर्णीयांना जमावाने मारलं, त्यातला एक म्हातारा चर्मकार होता. त्या धक्क्यातून 1909 मध्ये एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना उभी राहिली. 2024 चं तुमच्या ओहायोतलं, हैतीहून आलेल्या लोकांबद्दलच्या अफवेचं. त्या अफवेनंतर बॉम्बच्या धमक्यांनी शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. तुमच्या स्प्रिंगफिल्डलाही 1904 आणि 1906 मध्ये वंशदंगली झाल्यात, म्हणजे इतिहास त्यालाही आहेच.

तात्या_बिनधास्त

अण्णा, इथे तरी माना. अफवा उठवली, उमेदवार जिंकला, पण दंगल झाली नाही. म्हणजे मागणी खुर्चीत बसवायला हल्ली दंगल लागतच नाही.

थेम्सकाठचा_म्हातारा

तात्या, तुम्ही विनोद केलात की मुद्दा मांडलात ते कळलं नाही, पण मी तो मुद्दा म्हणून घेतोय.

विमावाला

टल्साचं पुढचं राहिलं. तिथून वाचलेल्या शेवटच्या दोन शंभरीपार बायकांचा भरपाईचा दावा जून 2024 मध्ये ओक्लाहोमाच्या सुप्रीम कोर्टाने फेटाळला. 2025 मध्ये शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मन्रो निकोल्स यांनी 10.5 कोटी डॉलरचा न्यास जाहीर केला. घरं, जुन्या इमारती, शिष्यवृत्त्या यांसाठी, आणि पैसा खाजगी देणग्यांतून उभा करायचाय. वाचलेल्यांच्या हातात थेट रोख रक्कम त्यात नाही. 1921 मध्ये दावे फेटाळताना विमा कंपन्यांना निदान कलम दाखवावं लागलं होतं.

निशिगंध_रॅली

@विमावाला, इथे 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर'ने 2006 मध्ये जाहीर माफी मागितली, राज्याच्या आयोगाचा अहवालही त्याच वर्षी आला. त्यात वारसांना भरपाई द्यावी अशी शिफारस होती. ती तशीच पडून आहे.

तात्यांना एवढंच: 1898 मध्ये बेत करणाऱ्यांची नावं छापलेली मिळतात. मेलेल्यांची यादी अजून पुरी झालेली नाही. हे भडक्यात होत नाही.

तात्या_बिनधास्त

विल्मिंग्टनपुरतं मान्य. टल्सावर मी ठाम आहे. हेमाशेपो.

चकलीवाली

तात्यांचं शेवटचं पोस्ट! स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय.